दुर्बिणी बांधणारा प्राध्यापक

मराठी वाचकापुढे खगोलशास्त्रज्ञ म्हटलं की जयंत नारळीकर उभे राहतात, आणि ते साहजिकच आहे. त्यांनी मराठीत लिहिलं, विज्ञानकथा लिहिल्या, शाळाशाळांतून भाषणं केली, 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण त्यांची आयुका ही संस्था पुणे विद्यापीठाच्या ज्या आवारात आहे, तिथेच शेजारी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रात, आणखी एक प्राध्यापक बसत. त्यांचं नाव गोविंद स्वरूप. हे नाव काढलं की चांगले वाचते लोकसुद्धा ‘कोण बुवा हे?’ असा चेहरा करतात. त्यांनी बांधलेली वस्तू मात्र बहुतेकांना ऐकून माहीत असते : जुन्नर तालुक्यातल्या खोडदची दुर्बीण, म्हणजेच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी). शाळांच्या सहली ती पाहायला जातात, तिच्या अँटेनांच्या ताटल्यांकडे मान वर करून बघतात, भेळ खातात आणि परत येतात. हे बांधलं कुणी, हा प्रश्न कुणी विचारलाच तर सोबतच्या शिक्षकांची पंचाईत होते.

प्रस्तुत चरित्र त्या शिक्षकांसाठी आणि त्या मुलांसाठी आहे. प्रस्तावना लिहिताना मला चरित्रातल्या घटनांची उजळणी करायची नाही. पुढची प्रकरणं ते काम करतीलच. पण अशा माणसाची कारकीर्द वाचायची कशी, याबद्दल थोडं बोलायला हवं. आपल्याकडे प्राध्यापक म्हणजे तास, हजेरीपट, पेपर तपासणी आणि वेतननिश्चितीच्या फायली. मीही त्याच वाटेनं निवृत्त झालो. स्वरूप यांची उभी हयात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेली, आणि तिथे पदवीचे वर्ग नसतात. मग हा माणूस दिवसभर करायचा काय? शोधनिबंधांची यादी काढून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. यादी भरघोस आहेच, पण तेवढी यादी असलेले आणखी बरेच जण सापडतील. स्वरूप यांनी आधी कल्याणला, मग उटीला आणि शेवटी खोडदला अशी तीन यंत्रं उभी केली. ज्या देशात रेडिओ-खगोलशास्त्र जवळजवळ नव्हतंच, तिथे ती यंत्रं चालवू शकणारी माणसं तयार केली. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द ही आहे, आणि हे चरित्र त्याच अंगानं वाचावं.

जन्म 23 मार्च 1929, मुरादाबाद जिल्ह्यातलं ठाकुरद्वारा हे गाव. 1950 साली अलाहाबाद विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथले संचालक के. एस. कृष्णन, म्हणजे सी. व्ही. रामन यांच्या प्रसिद्ध प्रयोगातले त्यांचे सहकारी. 1952 मध्ये कृष्णन रेडिओविज्ञानाच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी सिडनीला गेले. महायुद्धात रडारवर राबलेली ऑस्ट्रेलियन मंडळी युद्ध संपल्यावर तीच विद्या आकाशाकडे वळवून बसली होती आणि जोसेफ पॉसी हे त्यांचे म्होरके होते. कृष्णन परतले ते हा विषय आपल्याकडे रुजवायचा असं मनाशी ठरवूनच. कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर 1953 साली त्यांनी दोन तरुणांना तिकडे धाडलं. एक आर. पार्थसारथी, दुसरे चोविशीतले स्वरूप.

सिडनीतल्या दोन वर्षांवर वाचकानं जरा थांबावं. पॉसींनी या पाहुण्यांना एका टेबलाला बांधून ठेवलं नाही. काही महिने या गटात, काही महिने त्या गटात असं फिरवलं. पॉट्स हिल नावाच्या जलाशयाकाठी ख्रिस ख्रिस्तियनसेन यांनी सुमारे 1.8 मीटर व्यासाच्या 32 ताटल्या एका ओळीत मांडल्या होत्या आणि त्या सूर्याकडे रोखलेल्या असत. एक मोठी ताटली परवडत नसेल तर अनेक लहान ताटल्या दूरदूर ठेवून त्यांचे संकेत एकत्र करायचे, हे तत्त्व स्वरूप यांनी इथे हातांनी काम करत शिकून घेतलं. संगणक नव्हते. सूर्यावरून काढलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या नोंदींतून त्याचं द्विमितीय चित्र मिळवायचं तर टेबलावरच्या गणनयंत्रावर महिनोन्महिने आकडे चालवावे लागत. ती हमाली ज्यानं केली, त्याला मांडणी आणि चित्र यांचं नातं पुस्तकातून शिकावं लागत नाही.

हे तत्त्व इतकं महत्त्वाचं का, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दोन ओळींत सांगता येतं. दुर्बीण किती बारीक तपशील दाखवेल, हे तरंगलांबी आणि दुर्बिणीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोनहजाराव्या भागाइतकी. रेडिओलहरींची सेंटिमीटरपासून मीटरपर्यंत. एक मीटर तरंगलांबीवर आकाश निदान आपल्या डोळ्यांइतकं स्पष्ट दिसायला हवं असेल, तर साडेतीन किलोमीटरच्या आसपास व्यासाची ताटली लागेल. ती कुणी बांधणार नाही. ताटल्या विखरून ठेवणं हाच त्यावरचा मार्ग आहे.

पुढे ख्रिस्तियनसेन नवी रचना उभारायला निघाले आणि त्या जुन्या 32 ताटल्या मोडीत जायची वेळ आली. स्वरूप यांनी पॉसींना विचारलं, ‘आम्हाला द्याल का?’ ऑस्ट्रेलियानं त्या भेट द्यायची तयारी दाखवली. घोडं अडलं ते जहाजभाड्यावर. भारताकडे परकीय चलनाचा खडखडाट होता आणि हे भाडं कुणी भरायचं यावर पत्रव्यवहार चालू राहिला. 1955 मध्ये स्वरूप दिल्लीला परतले, ताटल्या तिकडेच. वाट बघून 1956 मध्ये ते अमेरिकेला निघाले. ताटल्या नंतर कधीतरी येऊन पोचल्या आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या आवारात पडून राहिल्या. या ताटल्यांचं पुढे काय झालं ते येईलच. पण तिशीही न गाठलेल्या एका संशोधकानं परदेशातून पदवी नव्हे, तर चक्क भंगारात निघालेलं यंत्र मागून घेतलं, ही गोष्ट मला त्याच्या पुढच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा बोलकी वाटते.

अमेरिकेत पहिला मुक्काम टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसला, हार्वर्डच्या सौर रेडिओ केंद्रावर. तिथे सूर्याच्या रेडिओस्फोटांचा एक नवा प्रकार त्यांच्या नजरेत आला. आलेखावर उलट्या ‘यू’ अक्षरासारखा दिसतो म्हणून त्याला तेच नाव पडलं. सूर्यावरून उसळलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीवरून वर चढतात तशी त्यांच्या लहरींची वारंवारता उतरत जाते. कमान ओलांडून ते खाली वळले की ती पुन्हा चढते. नंतर स्टॅनफर्डला रॉन ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी., 1960. तिथे के. एस. यांग यांच्याबरोबर केलेलं एक काम बाहेर फारसं माहीत नाही, पण या धंद्यात ते मोलाचं मानतात. विखुरलेल्या ताटल्यांना जोडणाऱ्या तारा उन्हातान्हात लांब-आखूड होतात आणि संकेतांचा मेळ बिघडतो. तारेतून एक संकेत पाठवायचा, तो परत आणायचा आणि त्यावरून तारेतला फरक मोजत राहायचा, अशी ही युक्ती. पुढे जगभरच्या दुर्बिणींनी ती उचलली.

1961 साली स्वरूप स्टॅनफर्डमध्ये सहायक प्राध्यापक झाले होते. त्या वर्षी बर्कलीला खगोलशास्त्रज्ञांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं आणि परदेशांत काम करणारे चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ एकत्र आले : टी. के. मेनन, एम. आर. कुंडू, टी. कृष्णन आणि स्वरूप. चौघांनी मिळून भारतातल्या विज्ञानसंस्थांच्या धुरीणांना एक प्रस्ताव पाठवला. आम्ही परत यायला तयार आहोत, पण एकत्र. आम्हाला मिळून एक गट उभा करू द्या, असा त्याचा मथितार्थ. इतरांकडूनही उत्तरं आली, पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी त्याची तड लावली. त्यांनी नामवंत खगोलशास्त्रज्ञांची मतं मागवली आणि जानेवारी 1962 मध्ये तार पाठवून गट स्थापन करायचं ठरल्याचं कळवलं. आज कुठल्याही संस्थेत एक जागा भरायला किती बैठका लागतात ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही तारीख दोनदा वाचावी.

एप्रिल 1963 मध्ये स्वरूप मुंबईत, कुलाब्याला टाटा संस्थेत दाखल झाले. बाकीचे तिघं आपापल्या सवडीनं यायचे होते. कारभाराची सुरुवात एकट्यानंच करावी लागली. त्यांनी आधी काय केलं असेल, तर दिल्लीत धूळ खात पडलेल्या त्या 32 ताटल्या मागवल्या. मुंबईबाहेर कल्याणजवळ जागा मिळाली आणि 1965 मध्ये तिथे सूर्यनिरीक्षणाची दुर्बीण सुरू झाली. अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेतून नुकती बाहेर पडलेली मुलं हाताशी होती. त्यांना कुणाला रेडिओ-खगोलशास्त्र येत नव्हतं. ताटल्या मांडणं, ग्राहकयंत्रं जुळवणं, बिघाड शोधणं यातच त्यांचं शिक्षण झालं. कल्याणच्या दुर्बिणीनं विज्ञानात फार मोठी भर घातली असं कुणी म्हणणार नाही. तिनं माणसं घडवली. मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

कल्याणचं काम चालू असतानाच स्वरूप यांचं डोकं दुसरीकडे धावत होतं. 1963 साली ‘नेचर’मध्ये सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. चंद्र आकाशातून सरकताना 3सी 273 या रेडिओस्रोतासमोरून गेला. स्रोत कोणत्या क्षणी झाकला गेला आणि कसा मावळत गेला, यावरून त्याची जागा व आकार अचूक मिळाले. याच नोंदींच्या आधारे मार्टेन श्मिट यांना पहिला क्वासार उमगला. स्वरूप यांनी हा निबंध वाचला आणि एक हिशेब मांडला. चंद्र रोजच कुठल्या ना कुठल्या स्रोतावरून जातो. पुरेशी मोठी दुर्बीण असेल, तर चंद्राच्याच कडेचा वापर करून शेकडो अंधुक स्रोतांचे आकार मोजता येतील. दुर्बीण किलोमीटर-किलोमीटर पसरवायची गरज नाही. फक्त तिचं क्षेत्रफळ अवाढव्य हवं आणि तिला चंद्राचा पाठलाग करता यायला हवा.

पण अवाढव्य दुर्बीण फिरवणार कशी? एरवी दोन अक्षांभोवती फिरणारी यंत्रणा लागते आणि तीच सगळ्यात महाग पडते. उटीच्या दुर्बिणीची सगळी गंमत या प्रश्नाच्या उत्तरात आहे. समजा दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, तर फक्त त्या एका अक्षाभोवती हळूहळू वळवत राहिलं की तारा निसटत नाही. असा अक्ष सपाटीवर बसवायचा तर त्याचं एक टोक स्थानिक अक्षांशाइतकं उचलावं लागेल; अर्धा किलोमीटर लांबीच्या दुर्बिणीला त्यासाठी केवढे मनोरे लागतील! स्वरूप आणि मंडळींनी मनोऱ्यांऐवजी डोंगर शोधला. नकाशे उलगडून दक्षिणेतल्या डोंगररांगा पालथ्या घातल्या. उटीजवळ मुथोरै इथे असा उतार मिळाला, की तिथला अक्षांश सुमारे 11 अंश आणि उताराचा कोनही सुमारे 11 अंश, तोही उत्तर-दक्षिण. त्या उतारावर 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशी दंडगोलाकार दुर्बीण झोपवली. 24 परवलयाकार पोलादी चौकटी, त्यांच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या 1100 बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारा. या दुर्बिणीला पत्रा नाहीच. एक स्रोत ती सलग साडेनऊ तास नजरेआड होऊ देत नाही.

1966 च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. असा आधार तुटला की आपल्याकडे प्रकल्प बारगळतात. हा बारगळला नाही, याचं श्रेय नंतरचे संचालक एम. जी. के. मेनन यांनाही आहे. 1970 मध्ये दुर्बीण चालू झाली. जवळपास सगळी सामग्री देशी आणि बांधणाऱ्यांत बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची पोरं.

उटीच्या निष्कर्षांत एक नाट्य आहे आणि मराठी वाचकाला ते जास्त भावेल. चंद्रपिधानाच्या, म्हणजे चंद्रानं स्रोत झाकण्याच्या, पद्धतीनं शेकडो स्रोतांचे कोनीय आकार मिळाल्यावर 1975 साली स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी विजय कपाही यांनी एक संबंध मांडला : स्रोत जितके मंद, म्हणजे सरासरीनं जितके दूर, तितके त्यांचे आकार एका विशिष्ट रीतीनं लहान होत जातात. त्याचा मेळ, पूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं असं मानलं तरच नीट बसतो. महास्फोट सिद्धांताला हा पाठिंबा होता आणि स्थिर स्थिती सिद्धांताला धक्का. आता स्थिर स्थितीचे जगातले एक खंदे पुरस्कर्ते कोण? फ्रेड हॉइल यांच्यासोबत काम केलेले नारळीकर, आणि ते 1972 पासून त्याच टाटा संस्थेत प्राध्यापक होते! 1965 साली विश्वाचं पार्श्वप्रारण सापडल्यापासून बहुतेकांचा कौल महास्फोटाकडे झुकलेलाच होता, त्यामुळे उटीनं वाद संपवला असं म्हणणं अतिशयोक्त होईल. पण एका संस्थेच्या छताखाली दोन प्राध्यापक विश्वाबद्दल परस्परविरोधी मतं बाळगून आपापलं काम करत राहिले, हे निरोगी विद्याजीवनाचं लक्षण होतं. आपल्या विद्यापीठांत मतभेदाचा शेवट बहुधा बोलणं बंद होण्यात होतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवलं.

सत्तरच्या दशकात स्वरूप यांनी याहून मोठा घाट घातला. विषुववृत्तावर उटीची थोरली बहीण उभारायची, तीही विकसनशील देशांनी मिळून. केनियात किंवा इंडोनेशियात. आराखडे झाले, दौरे झाले, बैठका झाल्या. दुर्बीण झाली नाही. चरित्रकारांचा कल अशा प्रकरणाला दोन ओळींत गुंडाळायचा असतो. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण पन्नाशी ओलांडलेला, नाव झालेला माणूस इतकी वर्षं घालवून मोकळ्या हातांनी परतला आणि कुढत बसला नाही. 1984 मध्ये त्यांच्या कागदावर नवा आराखडा होता. तोच पुढे जीएमआरटी झाला.

त्या आराखड्यातही आधी उटीसारखे दंडगोलच होते. मग विचार बदलला आणि ताटल्या आल्या. 45 मीटर व्यासाच्या, एकूण 30. आता 45 मीटरची पूर्ण फिरती ताटली प्रचलित पद्धतीनं बांधायची तर पोलादाचा खर्चच प्रकल्पाला बुडवून गेला असता. स्वरूप यांनी काय केलं ते खोडदला ताटलीखाली उभं राहून वर पाहिलं की समजतं. तिथे वक्र पृष्ठभाग दिसतच नाही, आभाळ दिसतं. सोळा नळ्यांच्या कमानी मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या, त्यांच्यामध्ये ताणलेले पोलादी दोर, आणि त्या दोरांवर ओढून बसवलेली अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारांची जाळी. दोर आणि जाळी जागोजाग खेचून लहान लहान सपाट तुकड्यांचं मिळून परवलय तयार होतं. जाळीची भोकं मध्यावर 10 मिलिमीटरची, कडेला 20 मिलिमीटरपर्यंत. पाऊस त्यातून खाली पडतो, वारा आरपार निघून जातो, पण 21 सेंटिमीटरची किंवा मीटरभराची रेडिओलहर मात्र चाळणीवर दाणा अडावा तशी अडते आणि परावर्तित होते. वारा अडत नाही म्हणजे ताटलीवरचा भार कमी. भार कमी म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका म्हणून फिरवायची यंत्रणा लहान. आणि म्हणूनच त्याच पैशांत तीस ताटल्या. एक निर्णय दुसऱ्याला कसा जन्म देतो, ते अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

हे यंत्र ‘गरिबांची दुर्बीण’ म्हणून कौतुकानं सांगितलं जातं, तेव्हा मला ते खटकतं. पैशांची तंगी होती हे खरं. पण स्वस्तात उरकलेलं काम तीस वर्षं टिकत नाही आणि जगभरचे संशोधक त्यासाठी रांगही लावत नाहीत. कमी वारंवारतेच्या, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यात तेव्हा जगात मोठी दुर्बीण नव्हती. तिथे जाळी विरळ चालते. आणि तिथेच भारताला पाय रोवता येईल, हा आधीचा हिशेब होता. जिथे इतरांना फायदा आहे तिथे शर्यत लावायचीच नाही, असं ठरवणारा माणूस हिशेबाचा पक्का असतो.

जागाही अशीच हिशेबानं निवडलेली. शहरांचा रेडिओ-गोंगाट कमी, भोवताली डोंगरांचा आडोसा, वारा बेताचा, पुणं 80 किलोमीटरवर, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं अंतर असल्यानं वरचा आयनांबरही त्रास कमी देतो. तीसपैकी 14 ताटल्या खोडदच्या मध्यवर्ती चौकोनात दाटीनं आहेत; उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर शेताशिवारांतून पसरल्या आहेत. टोकाटोकांमधलं अंतर 25 किलोमीटर. सगळ्यांचे संकेत प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात. द्राक्षबागेच्या मांडवापलीकडे एखादी ताटली एकटीच वळत असलेली दिसते, ती अशा फाट्यावरची.

परिसरातल्या लोकांनी या पाहुणीची किंमत मोजलेली आहे, हे सांगायलाच हवं. मोबाइलचा मनोरा, वायफाय, वीजवाहिनीच्या सैल जोडावरची ठिणगी, हे सगळं या कानाला किंचाळल्यासारखं ऐकू येतं. म्हणून आसपास कारखानदारीवर निर्बंध आहेत. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही दुर्बिणीचा मुद्दा आडवा आला. तालुक्यातल्या तरुणाला रोजगार हवा की विश्वाचा इतिहास, असा प्रश्न कुणी सभेत विचारला तर टाळ्या कुणाला पडतील ते उघड आहे. विज्ञानाची बाजू मांडणाऱ्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

दुर्बीण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर उभी राहिली आणि 2002 पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. स्वरूप 1994 मध्येच निवृत्त झाले होते. पुढची घडी कपाही, एस. अनंतकृष्णन आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी बसवली. कपाही तर 1999 मध्ये अकालीच गेले. नाव गोविंद असलं तरी हा गोवर्धन एकट्यानं उचललेला नाही. वेल्डरपासून गणितज्ञापर्यंत शेकडो काठ्या त्याला लागल्या आहेत आणि स्वरूप स्वतः ते सांगत.

मग दुर्बिणीनं दिलं काय? ज्यासाठी ती आखली, ते पहिलं उद्दिष्ट साधलं नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतले हायड्रोजनचे प्रचंड ढग टिपायचे होते. ते मिळाले नाहीत, आणि पुढे सिद्धांतच असा बदलला की तसे ढग असण्याची अपेक्षाही ओसरली. मोठ्या दुर्बिणींच्या नशिबी हे येतंच. मागितलेलं मिळत नाही, न मागितलेलं पदरात पडतं. एनजीसी 1851 या गोलाकार तारकागुच्छात अतिशय लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारा पल्सार 2004 मध्ये सापडला. ऑक्टोबर 2016 मध्ये युरोपचं श्यापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज खोडदच्या ताटल्या ऐकत होत्या. तो मध्येच बंद पडला आणि यान आदळल्याचं पुढे निष्पन्न झालं. 2023 मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जगातल्या काही गटांनी एकाच वेळी जाहीर केल्या, त्यांत खोडदची निरीक्षणंही होती.

आणि हायड्रोजन? 7 सप्टेंबर 2020 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, स्वरूप पुण्यात निवर्तले. पुढच्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये पुण्याच्या संशोधकांच्या पुढाकारातला निबंध आला. 7653 दीर्घिकांचे संकेत एकमेकांवर रचून त्यांनी सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला अणुरूप हायड्रोजन मोजला होता. दुर्बीण तीच, नव्यानं सुधारलेली. 1984 मध्ये ज्या मूलद्रव्याच्या मागे लागून आराखडा सुरू झाला, तेच दुसऱ्या वाटेनं हाती आलं.

पुरस्कारांची यादी पुस्तकाच्या शेवटी आहे : भटनागर, पद्मश्री, रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, ग्रोट रेबर पदक. ती चाळली नाही तरी चालेल. त्याऐवजी निवृत्तीनंतरचं प्रकरण वाचा. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. गो. भिडे यांच्यासोबत स्वरूप एका गोष्टीच्या मागे लागले होते : बारावीनंतरच्या मुलांना संशोधन आणि शिक्षण एकाच छताखाली देणाऱ्या, पाच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमाच्या विज्ञानसंस्था. कल्पना बरीच वर्षं फायलींतून फिरली. 2006 मध्ये पुणे आणि कोलकाता इथे आयसर नावाच्या अशा संस्था सुरू झाल्या, त्यामागे या दोघांच्या पाठपुराव्याचाही वाटा होता. ज्याच्या संस्थेत पदवीचे वर्गच नव्हते, त्यानं म्हातारपणी पदवीच्या वर्गांसाठी उंबरे झिजवले.

वाचकांना दोन सूचना. कल्याणचं प्रकरण लहान आहे, ते ओलांडून थेट उटीला जाऊ नका. आणि गणिताला बिचकून जाळी व तरंगलांबीची पानं सोडू नका. बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचं त्यात काही नाही. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडदचं केंद्र लोकांसाठी खुलं असतं, तेव्हा जरूर जा. पण तेवढ्यावर थांबू नका. जीएमआरटीवर घेतलेली निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर, साधारण दीड वर्षानं, सर्वांसाठी खुली होतात. ज्यानं वेळ मागितला त्याचा हक्क तोवरच. नंतर ती माहिती जगातल्या कुणाचीही. नारायणगावच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही ती मागवता येते. शिक्षकाला सोबत घ्या आणि ती मागवा.